मागून येणारा माणूस

म्हाळू गेल्याची बातमी मला कुणी सांगितली नाही. ती मलाच सांगावी लागली. बेस कॅम्पवर तंबूबाहेरच्या दगडावर मी बसलो होतो, बोटांना पट्ट्या बांधलेल्या होत्या, म्हणून सॅटेलाइट फोनवर नंबर आमच्या शेर्पाने, पासांगने, दाबून दिला. साताऱ्यात तेव्हा सकाळच्या स्वयंपाकाची वेळ असणार. फोन म्हाळूच्या बायकोने, सुनंदावहिनींनीच उचलला. त्यांच्या मागे कुकरची शिट्टी झाली, ती मला तिथे हिमालयात स्वच्छ ऐकू आली. "बोला भाऊजी," त्या म्हणाल्या. डोंगरावरून फोन आला की पहिला आवाज नेहमी म्हाळूचा असायचा. त्या दिवशी माझा होता, एवढ्यावरूनच त्या समजल्या असाव्यात. मी बरंच काही ठरवून ठेवलं होतं, त्यातलं एकही वाक्य बाहेर आलं नाही. "वहिनी..." एवढंच म्हणालो. त्यांनी गॅस बंद केला. मग विचारलं, "तवा तुमी कुटं हुता?"

"पुढं होतो," मी म्हणालो.

म्हाळाप्पा पुजारी हे नाव गेल्या काही महिन्यांत वाचकांनी पुष्कळदा वाचलं असेल. सांगली जिल्ह्याच्या कोरड्या पूर्व भागातला, मेंढपाळाच्या घरातला, फौजेतून निवृत्त होऊन साताऱ्यात राहिलेला आणि पन्नाशी उलटल्यावरही आठ हजार मीटरच्या शिखरांवर जाणारा गिर्यारोहक. त्याच्या नावाशेजारी बहुतेक वेळा आणखी एका माणसाचा उल्लेख होता, 'त्याचा सहकारी'. तो मी. त्याच्याबरोबर गेलेला आणि परत आलेला. त्याच्याबद्दल लिहिण्याचा हक्क मला आहे की नाही, हे मला गेल्या महिन्यापर्यंत ठरवता येत नव्हतं. आता लिहितो आहे.

आमचं गाव इस्लामपूरच्या बाजूचं, उसाचं. म्हाळूचं गाव जतच्या पलीकडे, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. दरवर्षी ऊस तुटून गेला की त्याचे वडील, आम्ही त्यांना मायाप्पातात्या म्हणायचो, मेंढरं घेऊन आमच्या भागात उतरायचे आणि आमच्या रानात मेंढरं बसवायचे. रात्रभर मेंढरं रानात बसली की जमिनीला खत मिळतं, म्हणून सगळे बागायतदार त्यांची वाट बघायचे. म्हाळू माझ्याहून थोडा मोठा. आमच्याशी तो मराठीत बोलायचा आणि मेंढरांशी कानडीत. मेंढरांच्या वाट्याला आलेली भाषा जास्त गोड आहे, असं माझी आई म्हणायची. जाळी लावून मेंढरं कोंडली की तो आमच्या चुलीपाशी येऊन बसायचा आणि आईने दिलेली भाकरी दोन्ही हातांनी धरून खायचा. एकदा त्यांचा मुक्काम हलला तेव्हा मी हट्टाने पुढच्या गावापर्यंत त्यांच्याबरोबर निघालो. कुत्र्यांबरोबर उड्या मारत मी कळपाच्या सगळ्यात पुढे. अंगात वारं शिरलं होतं. ओढ्यापाशी थांबून वळलो तर म्हाळू कुठेच दिसेना. धुरळ्यातून शेवटी तो आला तेव्हा त्याच्या खांद्यावर नुकतंच जन्मलेलं कोकरू होतं आणि तो एका लंगड्या मेंढीला गुडघ्याने हळूहळू ढकलत होता. "एवढा मागं का?" मी विचारलं. उत्तर त्याच्या वडिलांनी दिलं. "आरं पाटलाच्या पोरा, म्होरं काय, कुत्रं बी चालतंय. मागं ऱ्हाऊन दाव की." म्हाळू हसला. मला राग आला होता, हे आठवतं.

भरतीला आम्ही एकत्रच गेलो. साताऱ्याच्या मैदानावर धावताना माझा दम तुटला. म्हाळू सगळ्यांच्या पुढे सहज निघून गेला असता, डोंगरात मेंढरांमागे पळालेला पोरगा तो. पण तो माझ्या मागे राहिला आणि शेवटपर्यंत मला डिवचत राहिला. "पळ की रं इल्या! का तुला बी खांद्यावर घिऊ? ऊस खाऊन खाऊन जड झालाईस गड्या!" मी चिडून पळालो आणि पास झालो. तोही झाला, माझ्या एक पाऊल मागे. पुढे बर्फाच्या भागात आमची नेमणूक झाली, तिथे त्याला डोंगर लागला. मला तो त्याच्यामुळे लागला. बर्फातून ओळीने जायचं असलं की म्हाळू आपसूक शेवटी जाऊन उभा राहायचा. आमचे उस्ताद हरियाणाचे होते, ते एकदा भडकले. "पुजारी! तू हमेशा पीछे क्यों मरता है?"

"साब, गिनती कर रहा हूँ."

"किसकी गिनती?"

"मेंढर... मतलब, जवानों की, साब."

सगळी तुकडी हसली. उस्तादांनी त्याला पुढे आणायचा प्रयत्न केला, पण आठवड्याभरात त्यांनीच तो सोडून दिला. एकदा धुक्यात ओळ तुटली, मधले दोघे वाट चुकून भलत्याच उतारावर गेले, आणि ते नाहीत हे फक्त शेवटच्या माणसाला समजलं होतं. तेव्हापासून उस्ताद स्वतःच विचारायचे, "पुजारी पीछे है? चलो फिर."

त्या वाक्याची सवय मलाही लागली, आणि मला जे सांगायचं आहे ते इथूनच सुरू होतं. म्हाळू मागे असला की मागे बघावं लागत नसे. फौज सुटली, मी साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला लागलो, तो एका बँकेत सुरक्षारक्षक झाला, आम्ही दर रविवारी हौशी लोकांना यवतेश्वरच्या डोंगरावर न्यायला लागलो, मग वर्षाआड एखादी मोठी मोहीम व्हायला लागली. या सगळ्या वर्षांत चढताना आणि उतरताना मी एकदाही वळून पाहिल्याचं मला आठवत नाही. गरजच पडली नाही. निघताना तो माझ्या पाठीवरच्या पिशवीचे पट्टे ओढून बघायचा, एक थाप मारायचा आणि म्हणायचा, "हो म्होरं, आलोच मागनं." आणि तो यायचा. मी मुक्कामावर पोहोचून पाणी तापवायला ठेवलं की बाहेर त्याच्या बुटांचा आवाज व्हायचा, आणि पहिला प्रश्न, "समदी आली न्हवं?"

या सवयीपायी त्याचे शिखरावरचे फोटोही फारसे नाहीत. तो पोहोचेपर्यंत इतरांचे कॅमेरे गारठून बंद पडलेले असायचे. एका शिखरावरून परतल्यावर त्याच्या गावाने सत्कार ठेवला. मंडपाच्या फलकावर फोटो होता तो माझा, डोळ्यांवर काळा चष्मा आणि तोंडावर मास्क, त्यामुळे कुणाला कळलं नाही. म्हाळू फलकाकडे बघून मला म्हणाला, "आयला, लय झ्याक दिसतुया रं मी!" सत्कारमूर्तीला शोधायला माणसं पाठवावी लागली, कारण तो पाठीमागे चप्पल-बुटांच्या ढिगापाशी बसून म्हाताऱ्यांशी मेंढरांच्या रोगावर बोलत होता. वहिनींना मात्र या कौतुकाचा कंटाळा होता. "साऱ्या गावाच्या मागनं येत्यात," त्या माझ्या बायकोला सांगायच्या, "मग घरला बी मागनंच येणार. जेवान गार झाल्यावर." तो डोंगरावर असला की त्या फोन पिठाच्या डब्यावर ठेवायच्या. वाजला की लगेच उचलायच्या नाहीत, आधी पदराला हात पुसत राहायच्या. हात कोरडे असले तरी.

आता त्या दिवसाबद्दल. शिखर आम्ही सकाळीच गाठलं होतं आणि हवा चांगली होती, म्हणजे नंतर ज्यावर खापर फोडता आलं असतं असं काहीच घडलं नव्हतं. पासांग पुढे जाऊन वरच्या कॅम्पवर तंबू उघडणार, बर्फ वितळवायला ठेवणार, त्याच्यामागे मी आणि शेवटी म्हाळू, असा क्रम होता. उतरताना माझे पाय माझे राहिले नाहीत. त्या उंचीवर माणसाचं डोकं एका वेळी एकाच गोष्टीला पुरतं, पुढचं पाऊल. दोन वेळा मी खाली बसलो आणि दोन्ही वेळा म्हाळूने मला काखेत हात घालून उठवलं. शेवटच्या आडव्या उताराआधी त्याने माझा मास्क नीट केला, दोराला लावलेला हुक ओढून पाहिला, पाठीवर थाप मारली. वाऱ्यात त्याचा आवाज अर्धाच आला, पण काय म्हणाला ते ऐकायची गरज नव्हती. मी निघालो. वाटेत दोराच्या कडेला लाल सूटमधला कुणीतरी बसला होता, मान खाली घालून. दम घेत असेल, असं मनाला सांगून मी त्याच्या पायांवरून माझे पाय काळजीपूर्वक टाकले आणि पुढे गेलो... तंबूत शिरलो. पासांगने कोमट पाणी दिलं. मी बुटांचा आवाज ऐकायला कान लावून बसलो.

आवाज आला नाही. पासांग त्याला शोधायला बाहेर पडला, पण तोवर वारा इतका वाढला होता की त्याला रांगत परत यावं लागलं. पहाट होताच तो पुन्हा गेला. आडव्या उताराच्या टोकाला, तंबूतून मान वर केली तर दिसेल इतक्या अंतरावर, म्हाळू बसलेला सापडला. दोराला अडकवलेला, पाय पोटाशी घेतलेला. झोप लागल्यासारखा, असं पासांग म्हणाला. मी स्वतः वर जाऊ शकलो नाही. मला खाली आणलं ते इतरांनी.

'दिसेल इतक्या अंतरावर' हे शब्द मग सगळीकडे झाले. तंबूतून दिसेल इतक्या अंतरावर सोबती बसून मरतो आणि तंबूतला माणूस कोमट पाणी पितो, हे कसं? कुणी लिहिलं की त्याचं वय झालं होतं, तो रेंगाळला, अशा माणसाने जायलाच नको होतं. कुणी लिहिलं की त्याच्या वाटचा प्राणवायू मी वापरला. कारखान्यात माझ्या टेबलाशी येणारे लोक काम सांगून झाल्यावर क्षणभर जास्त उभे राहायला लागले. चौकशी झाली, मी जे घडलं ते सगळं सांगितलं, आणि कुणाचाही दोष नाही असा निष्कर्ष निघाला. त्या कागदाने मला काही फरक पडला नाही. लोकांना वाटत होतं की मी त्याला सोडून आलो. तसं झालं नव्हतं हे मला माहीत होतं. पण त्याने मला हाक मारली होती का, हे मला माहीत नव्हतं. वाऱ्यात, मास्कमध्ये, टोपीखाली, ती मला ऐकू आली नसती. वळून पाहिलं असतं तर हात तरी दिसला असता. आणि मी वळलो नव्हतो, कारण त्याच्यावर माझा पूर्ण भरवसा होता. ज्याच्यावर भरवसा आहे त्याच्याकडे वळून बघायचंच नाही, अशी मैत्री मी केली होती.

जतकडच्या गावात शोकसभा झाली. मी गेलो. शेवटच्या रांगेत बसलो होतो तरी म्हाळूच्या धाकट्या भावाने, धोंडाप्पाने, मला पाहिलं. तो आता मेंढरं सांभाळतो, बोलायला आवडणारा माणूस नाही. भाषणं चालू असताना तो उठला आणि माझ्याकडे हात करून म्हणाला, "मला कुणी सांगा. ह्यो म्होरं कसा आला आन् माजा दादा मागं कसा ऱ्हायला?" उत्तर मला येत होतं. तो नेहमीच मागे असायचा, धोंडाप्पालाही ते माहीत होतं, त्यांच्या वडिलांनीच त्याला तसं शिकवलं होतं... पण ते उत्तर उभं राहून देण्यासारखं नव्हतं. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि सभा संपेपर्यंत काढला नाही.

देह खाली आणायचा की नाही यावरूनही वाद झाला. खूप लोकांना तो आणायचा होता, मिरवणूक काढायची होती. वहिनींनी ते मोडून काढलं. बैठकीला आलेल्या पुढाऱ्यांना त्यांनी चहा दिला आणि म्हणाल्या, "चार मानसं त्येनला आनाय जानार. त्यातलं एखांदं तितंच बसलं तर? आवं, समद्यांची गिनती करत फिरनारा मानूस त्यो. चालल का त्येला?" विषय संपला. मला त्यांच्यासमोर जायचं धैर्य होत नव्हतं, पण त्या दिवशी निघताना त्यांनी मला दारात थांबवलं. "भाऊजी, यक इचारू? त्येनी शेवटाला काय म्हटलं?" मी सांगितलं, नेहमीचंच. त्यांनी मान डोलावली. "व्हय. मलाबी जाताना त्येच म्हटलं हुतं," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

पाऊस चांगला लागला होता तेव्हा एका अनोळखी नंबरवरून फोन आला. हिंदी बोलणारा, पण बंगाली वळणाचा आवाज. त्याचं नाव तापस. तो दुसऱ्या तुकडीबरोबर त्याच शिखरावर होता. बेशुद्धावस्थेत त्याला हेलिकॉप्टरने काठमांडूला नेलं, पायाची बोटं काढावी लागली, बरेच दिवस तो धड बोलण्याच्या स्थितीत नव्हता. घरी परतल्यावर कुणीतरी त्याला जुन्या बातम्या दाखवल्या आणि त्यात त्याला पिवळ्या सूटमधल्या म्हाळूचा फोटो दिसला. "दादा, मैं इनका नाम तक नहीं जानता था," तो म्हणाला. "मुझे इनके घर आना है." मी त्याला म्हटलं, पाय बरे होऊ द्या, नंतर या. तो म्हणाला, नंतर माझा धीर होणार नाही.

पुण्याहून एसटीने तो साताऱ्याला आला. मी स्टँडवर घ्यायला गेलो. तिशीतला बारीक तरुण, काठी टेकत, मोठ्या मापाच्या मऊ बुटात पाय घातलेले. मी धोंडाप्पालाही बोलावून घेतलं होतं. माझी बाजू मांडायला नव्हे. तापसकडे काय आहे हे मलाच माहीत नव्हतं, आणि मला ते एकट्याने ऐकायचं नव्हतं. हाक मारली होती असं तो सांगणार असेल, तर निदान ज्याने मला विचारलं होतं त्याच्यासमोर सांगावं.

वहिनींनी आधी त्याला जेवायला वाढलं. रिकाम्या पोटी त्यांनी त्याला बोलू दिलं नाही. धोंडाप्पा भिंतीला टेकून बसला होता, माझ्याकडे न बघता. मग तापसने सांगितलं. उतरताना आडव्या उतारावर त्याचे पाय गेले, तो बसला आणि त्याला झोप यायला लागली. ती झोप गोड होती. लोक त्याच्या अंगावरून जात होते. "तीन-चार लोग गुज़रे. आख़िर में एक हरे सूट वाला."

"वो मैं था," मी म्हणालो.

धोंडाप्पाने मान वर केली. तापसने माझ्याकडे पाहिलं. "आपने शायद देखा नहीं होगा," तो हळूच म्हणाला.

"देखा था."

मग तापस आपल्या बुटांकडे बघत म्हणाला, "दादा, ऊपर जाते समय मैंने भी एक आदमी को बैठे देखा था. मैं भी रुका नहीं. वहाँ कौन रुकता है?" त्याने डोळे पुसले. "ये रुके."

म्हाळू थांबला होता. आधी त्याला थोबाडीत मारली, मग उठवला, आणि मग त्याच्या पाठीच्या पट्ट्यांना धरून त्याला पुढे घातलं. स्वतः मागे. चालता चालता तो काहीतरी बडबडत होता, ती भाषा तापसला कळत नव्हती. हिंदी नव्हती, मराठीही नसावी. "जैसे बच्चे को सुलाते हैं, वैसे बोल रहे थे. मगर सोने नहीं दे रहे थे." धोंडाप्पा भिंतीपासून सुटून सरळ बसला. त्याने तोंडातल्या तोंडात दोन-तीन कानडी शब्द म्हटले, अडून बसलेल्या मेंढीला म्हणतात तसे. तापस एकदम म्हणाला, "यही! यही बोल रहे थे!" वहिनी पदर तोंडावर घेऊन हसायला लागल्या. आम्हीही हसलो. त्या घरात बातमी आल्यापासून पहिल्यांदा कुणी हसलं असावं.

उताराच्या टोकाशी खालून तापसच्या तुकडीचे दोन शेर्पा येताना दिसले. म्हाळूने त्याला त्यांच्या हवाली केलं; त्या दोघांना चौकशीत कुणी विचारलंच नव्हतं. तेवढ्यात खालचे ढग थोडे फाटले आणि आमचा तंबू दिसला. तापसला ते नीट आठवत होतं, कारण म्हाळूने त्याला जबरदस्तीने खाली बघायला लावलं होतं. त्याची हनुवटी धरून. "बोले, वो देख, हरा वाला. मेरा यार है. देख, कैसे रेंग रहा है. फिर हम दोनों देखते रहे. आप टेंट में घुस गए. तब बोले, हाँ, पहुँच गया. अब तू चल." शेर्पांनी म्हाळूलाही बरोबर यायला सांगितलं. तो बुटाखालचा खिळ्यांचा पट्टा आवळायला बसला होता. म्हणाला, तुम्ही व्हा पुढे, मी मागून येतो. "मैंने मुड़कर देखा था," तापस म्हणाला. "एक बार. वो बैठे थे और हाथ से ऐसा कर रहे थे."

त्याने आपली काठी उचलली आणि बसल्या जागेवरून ती खालून वर, आडवी, हळूच फिरवली, पुढच्याला हाकलावं तशी. मला त्या हालचालीत माझं रान दिसलं. धोंडाप्पाला काय दिसलं असेल ते मी सांगू शकत नाही. तो उठून तापसजवळ गेला आणि त्याच्या काठीवर हात ठेवून तिथेच उकिडवा बसला. "ह्ये आमचं तात्या करायचं," तो म्हणाला. मग पहिल्यांदाच माझ्याकडे वळला. "म्हंजी तू पोचल्यालं बगितलं त्येनं."

"व्हय," मी म्हणालो.

"हाक न्हाई मारली."

मी तापसला विचारलं. तो प्रश्न मी किती दिवस तोंडात धरून होतो. तापसने मान हलवली. "नहीं दादा. किसी को नहीं बुलाया."

"मग झालं," धोंडाप्पा म्हणाला. "चा टाक गं वैनी."

त्या दोन शब्दांनी माझं काय झालं ते मला नीट मांडता येणार नाही. मी लाल सूटवाल्याला ओलांडून गेलो होतो, ते तसंच आहे आणि राहील. मी थांबलो असतो तर कदाचित तिघेही उतरलो असतो, कदाचित तिघेही तिथे बसलो असतो. पण छातीवर जो दगड होता तो उतरला. म्हाळू माझी वाट बघत मेला नव्हता. त्याचा हिशेब पुरा झाला होता, मी त्यात होतो, आणि तो पुरा झाल्यावर त्याने पट्टा आवळायला खाली बसण्याची सवड घेतली होती. इतकं दमल्यावर खाली बसलं की काय होतं हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. पण तो मेंढपाळ होता. सगळी पुढे गेल्याशिवाय तो कधीच बसत नसे, आणि सगळी गेली की बसायचाच.

तापस दोन दिवस राहिला. निघताना वहिनींनी त्याला चटणी बांधून दिली आणि बजावलं, "आता डोंगराव जायाचं न्हाई. आई हाय न्हवं घरात?" तो हो म्हणाला. तो गेल्यावर त्या उंबऱ्यावर बसल्या आणि मला म्हणाल्या, "भाऊजी, कुणाला सांगू नगा. लई हलकं वाटतंया. आता फोन वाजला तरी पोटात गोळा येत न्हाई. इतकी वर्सं येत हुता." मग जरा घाबरून विचारलं, "आसं वाटनं पाप हाय का वो?" मी म्हटलं, वहिनी, मलाही वाटतंय. तेव्हा फोन खरंच वाजला. कुठल्यातरी कंपनीचा होता. त्यांनी हात न पुसता उचलला. नंतर मीच त्यांना विचारलं की हे लिहू का. त्या म्हणाल्या, लिवा. माझ्यासारख्या आनिक बी असतील.

मागच्या रविवारी आम्ही पुन्हा यवतेश्वरच्या डोंगरावर गेलो. बरेच दिवस मी हे टाळत होतो. नेहमीची मंडळी होती, गुडघे धरून चढणारे, मोठमोठ्याने बोलणारे. पायथ्याशी सगळे जरा घुटमळले. पुढे मीच असायचो, त्यामुळे माझ्या हलण्याची वाट बघत होते. मी कडेला झालो आणि त्यांना जाऊ दिलं, एकेकाच्या पिशवीचे पट्टे ओढून बघत. मग निघालो, सगळ्यांच्या शेवटी. इतक्या वर्षांत हा डोंगर मी कधी असा पाहिला नव्हता. पुढच्याला फक्त वाट दिसते. मागून सगळी माणसं दिसतात. कुणाची टाच बुटात नीट बसलेली नाही, कुणाचा श्वास तुटतोय, कुणी गप्पा मारतोय पण पाय मात्र ओढतोय. इतकं सगळं बघत तो चालत होता, आणि मला वाटायचं की तो सावकाश चालतो.

धुकं उतरलं तेव्हा वरून आमच्यातल्या एका जाड्या गृहस्थांची हाक आली. "इलासराव, हायसा न्हवं मागं?"

"व्हा म्होरं," मी ओरडलो, "आलोच मागनं."

वरचा आवाज हसला आणि चालू पडला. त्याने वळून पाहिलं नाही, हे मला मागून धुक्यातही दिसलं. वाट ओली होती. माझ्या मागे आता कुणी येणार नव्हतं. तरी मी थांबलो, आणि एकदा मागे वळून पाहिलं... मग त्यांच्या मागे निघालो.